मिरगाच्या तोंडावर मुरूमवरून जाणारा नवरंग. जंगलातलं पाखरू आपल्या शिवारात कशाला उतरतं?

मुरूम (ता. उमरगा) : रोहिणी संपत आल्या की शिवारात सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे लागतं. रान वखरून तयार असतं, सोयाबीनच्या बॅगा घरात येऊन पडलेल्या असतात आणि चर्चा एकच, मिरग बरसणार का? नेमक्या याच दिवसांत, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, रात्रीच्या अंधारात दख्खनच्या पठारावरून एक लहानसं पाखरू उत्तरेकडे जात असतं. हिरवी पाठ, निळे खांदे, डोळ्यावर काळी पट्टी आणि पोटाखाली लालभडक. त्याचं नाव नवरंग.

नवरंग मूळचा जंगलातला. दाट सावली, ओला पाला आणि माणसाची वर्दळ नसलेली जागा त्याला लागते. धाराशिव जिल्ह्याची गणना तर राज्यात सगळ्यात कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत होते. तरीही पावसाच्या तोंडावर कुणाच्या परसात, शाळेच्या व्हरांड्यात, गोठ्याच्या आडोशाला असा दमून बसलेला नवरंग सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून दरवर्षी येतात. सापडलेलं पाखरू ओळखू येत नाही. कुणी त्याला पोपटाचं पिल्लू समजतं, कुणी विदेशी पक्षी, तर कुणी पिंजऱ्यातून सुटलेला. खरं तर तो अस्सल इथला, भारतीय उपखंडातलाच. त्याचा रस्ता आपल्या गावावरून जातो, एवढंच.

तारेवर बसलेला असेल तर तो नवरंग नव्हे

ओळखीची सगळ्यात सोपी खूण ही. आपल्याकडे रंगीत पाखरांची कमी नाही. विजेच्या तारेवर बसून पंख उघडताना निळी झळक दाखवणारा नीलकंठ, विहिरीच्या काठावर लांब लाल चोच घेऊन बसलेला खंड्या, तारेवरून हवेत झेप घेऊन माशी टिपणारा हिरवा वेडा राघू. हे तिघंही उघड्यावर बसतात, त्यामुळे रोज दिसतात. नवरंगाचं उलट आहे. तो जमिनीवर असतो, तोही झुडपाखाली, सावलीत. दचकला तर जेमतेम एखाद्या खालच्या फांदीवर जाऊन बसतो.

आकाराने तो बुलबुलाच्या जवळपास, लांबी सुमारे १९ सेंटीमीटर आणि वजन पन्नास-साठ ग्रॅम. अंग मात्र गोलमटोल. पाय लांब आणि मजबूत, शेपूट इतकी आखूड की कुणी कापून टाकली असावी असं वाटतं. चालण्यापेक्षा टुणटुण उड्या मारत फिरतो आणि ती इवलीशी शेपूट सावकाश वर-खाली हलवत राहतो. नर आणि मादी दिसायला सारखेच.

आता रंग नऊ आहेत का, हा वादाचा विषय. पाठ हिरवी. खांद्यावर आणि कमरेवर चकचकीत निळा. डोक्यावर मधोमध काळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना फिकट तपकिरी पट्टे. भुवई आणि गळा पांढरा. डोळ्यावरून जाणारी जाड काळी पट्टी. छाती-पोट मातकट पिवळं. शेपटीखाली किरमिजी लाल. पाय गुलाबीसर. काळ्या-पांढऱ्याला रंग धरायचं की नाही यावर बेरीज बदलते, पण नाव ठेवणाऱ्याने फार हात सैल सोडला असं म्हणता येत नाही. उडताना काळसर पंखावर पांढरा ठिपका चमकतो, तो लक्षात राहतो.

एवढं रंगीत असून हे पाखरू दिसत कसं नाही, असा प्रश्न पडतो. उत्तर त्याच्या अंगावरच आहे. सगळ्यात भडक रंग पोटाखाली, म्हणजे जमिनीकडे. वरून किंवा मागून बघणाऱ्याला हिरवी पाठ तेवढी दिसते आणि झाडाखालच्या अर्धवट उजेडात ती पाल्यात मिसळून जाते. निळ्या रंगाची तर गंमतच आहे. पिसांमध्ये निळं द्रव्य नसतंच. पिसाच्या आतली अतिशय बारीक रचना प्रकाशातला निळा भाग परत फेकते, म्हणून ते पीस निळं दिसतं. ऊन पडलं की झळकतं, सावलीत विझतं. मोराच्या पिसाऱ्यातली चमकही अशी पिसाच्या रचनेतूनच येते.

नाव तेलुगू, वाट श्रीलंकेपासून

जगभरचे पक्षी अभ्यासक या पाखराच्या कुळाला ‘पिट्टा’ म्हणतात. हा शब्द लॅटिन नाही की ग्रीक नाही. तो तेलुगू आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘पाखरू’. मुरूमच्या बाजारात मराठीबरोबर कन्नडही कानावर पडते. कन्नडात पक्ष्याला ‘हक्की’ म्हणतात, पुढे तेलंगणात गेलं की तेच ‘पिट्ट’ होतं. उमरग्याहून हैदराबादच्या वाटेला लागणाऱ्या माणसाला हा शब्द नवा नसेल. तोच १८१६ मध्ये शास्त्राच्या पुस्तकात गेला आणि आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या चाळीसहून अधिक जातींचं कुळनाम होऊन बसला. त्याआधी, १७६६ मध्ये, लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या नवरंगाला चक्क कावळ्यांच्या गटात टाकलं होतं! त्याने दिलेल्या शास्त्रीय नावाचा दुसरा भाग, ब्रॅक्युरा, आजही टिकून आहे. त्याचा अर्थ आखूड शेपटीचा.

या कुळातल्या बहुतेक जाती आग्नेय आशियाच्या बारमाही ओल्या जंगलांत राहतात. भारतातही ईशान्येकडच्या डोंगरांत आणि सुंदरबनाच्या खारफुटीत त्याचे भाऊबंद आहेत. महाराष्ट्रात मात्र हा एकटाच. त्याने वेगळी वाट धरली. जिथे आठ महिने कोरडं आणि चार महिने पाणी, अशा पानगळीच्या जंगलात त्याने संसार मांडला. जून लागला की कोकणातलं रान, विदर्भातला सागवान, मध्य प्रदेशातले डोंगर, थेट हिमालयाचा पायथा, सगळीकडे नुकता पाऊस पडून जमीन मऊ झालेली असते. गांडुळं वर येतात, वाळवी-मुंग्यांची हालचाल वाढते, झाडोरा दाट होतो. नवरंग ही वेळ गाठून येतो. पावसाळाभर वीण उरकतो. कोरड सुरू झाली की दक्षिण भारत आणि श्रीलंकेची वाट धरतो.

म्हणजे आपला शेतकरी आणि हे पाखरू एकाच पावसावर डोळा ठेवून असतात. फरक इतकाच, की पाऊस लांबला तर शेतकऱ्याला दुबार पेरणीचा तरी मार्ग असतो. पाखराला ओल नसलेल्या रानात पिलांना भरवायला काहीच मिळत नाही.

दक्षिण भारतातून मध्य भारताकडे जाणारी वाट दख्खनच्या पठारावरून, म्हणजे सोलापूर, धाराशिव, लातूर, कलबुर्गी या पट्ट्यावरून जाते. हा प्रवास नवरंग रात्री करतो. रात्रीची हवा थंड असते, ससाणे-शिक्रे झोपलेले असतात आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. रात्री उडणारे पक्षी तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधाराने दिशा धरतात. पण मान्सूनपूर्व वादळ आलं, ढग खाली उतरले की तारे झाकले जातात. अशा रात्री उजेडाकडे ओढ लागते. कारखान्याचे, पेट्रोल पंपाचे, चौकातल्या हायमास्टचे दिवे पाखराला चकवतात. कधी काचेवर, भिंतीवर धडक बसते. कधी ते नुसतंच दमून खाली येतं. सकाळी परसात सापडलेल्या नवरंगाची गोष्ट बहुतेक वेळा अशी असते.

डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ येडशीच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा जिल्हाभर चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. त्याच जिल्ह्यावरून पन्नास ग्रॅमचं पाखरू वर्षातून दोनदा जातं, त्याचा पत्ताही लागत नाही.

सहा वाजता बोलणारं पाखरू

नवरंग डोळ्यांआधी कानाला सापडतो. पहाटे फटफटताना आणि सांजवेळी तो दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो. पहिला सूर चढता, दुसरा उतरता. शीळ घालताना मान मागे टाकतो आणि चोच आभाळाकडे करतो. एकाने सुरुवात केली की रानातून दुसरा उत्तर देतो. दिवसा ढगाळ असेल तर दिवसाही ओरडतो. तमिळनाडूत त्याला ‘आरुमणी कुरुवी’ म्हणतात, म्हणजे सहा वाजताचं पाखरू. घड्याळ नसलेल्या माणसांनी ठेवलेलं हे नाव असणार! श्रीलंकेत वेगळीच कथा सांगतात. मोराने या पाखराचे सुंदर कपडे चोरले आणि तेव्हापासून ते रोज ओरडून तीच तक्रार करतं. आपल्या शिवारात सोयाबीन आणि तुरीच्या रानात फिरणाऱ्या मोरांच्या झुंडी बघितल्या तर तक्रारीत तथ्य असावं असं वाटतं.

त्याच्या शिळेबद्दल एक गोष्ट अभ्यासकांना फार महत्त्वाची वाटते. मैना, दयाळ असे बहुतेक गाणारे पक्षी लहानपणी मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. म्हणूनच मैना माणसाची नक्कल करू शकते. नवरंग पक्ष्यांच्या वेगळ्या, जुन्या शाखेतला. या शाखेतल्या बहुतेक पक्ष्यांची साद जन्मजात असते. कुणी शिकवलं नाही तरी पिल्लू मोठं झाल्यावर तीच शीळ घालतं. भारतात या शाखेतले पक्षी अगदी मोजके आहेत.

वीण जून ते ऑगस्टमध्ये. घरटं म्हणजे वाळली पानं, गवत आणि काड्यांचा फुगीर गोळा, बाजूला गोल दार. कधी जमिनीवर, कधी खालच्या फांदीच्या बेचक्यात. लांबून बघणाऱ्याला तो पुरात वाहून येऊन अडकलेला कचरा वाटावा, इतका ओबडधोबड. आत चार-पाच चकचकीत पांढरी अंडी, त्यांवर जांभळट ठिपके आणि रेघा. अंडी उबवणं आणि पिलांना भरवणं ही कामं नर-मादी दोघंही करतात. घरटं इतकं खाली असल्याने मुंगूस, साप, घोरपड, गावाजवळ असेल तर मांजर आणि कुत्रं, सगळ्यांचा धोका.

पक्ष्यांची माहिती मराठीत वाचायची असेल तर मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ आहे. चितमपल्ली आपल्या शेजारच्या सोलापूरचे. आयुष्यभर वनखात्यात काढून त्यांनी रानातलं मराठी शब्दभांडार गोळा केलं. २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचं निधन झालं. त्याआधी कितीतरी वर्षं, १९३१-३२ मध्ये, सलीम अली यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती. तेव्हा उस्मानाबाद जिल्हा त्याच संस्थानात होता.

खरा प्रश्न पाल्याचा

नवरंग खातो काय, यातच त्याचं दुखणं आहे. तो दाणे खात नाही. फळांवर त्याची गुजराण नाही. झाडाखाली साचलेला पाला चोचीने उलटवून त्याखालचे किडे, मुंग्या, वाळवी, गांडुळं, गोगलगायी टिपणं, हाच त्याचा धंदा. पाला नसेल तर झाड असूनही त्याच्या कामाचं नाही. खालून सारवल्यासारखी स्वच्छ झाडलेली बाग माणसाला छान दिसते, नवरंगाला ती रिकामं ताट आहे.

येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. ते सुमारे २२ चौरस किलोमीटरचं आहे, आणि मुरूमपासून बरंच लांब, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. उमरगा तालुक्यात रात्रभर उडून आलेल्या पाखराने पहाटे उतरायचं ठरवलं तर त्याच्यासमोर काय असतं? काळं रान, ऊस, आणि मध्ये मध्ये हिरवे ठिपके. बेन्नीतुरा नदीच्या काठची झाडं, ओढ्याची झाडी, एखाद्या जुन्या विहिरीभोवतीची चिंच आणि लिंब, देवस्थानाचा परिसर, स्मशानभूमीतली झुडपं, शाळा-कॉलेजच्या आवारातला कोपरा. पूर्वी गावोगावच्या आमराया या कामाला यायच्या. त्या वाटण्यांमध्ये आणि पाण्याअभावी गेल्या. रस्ते रुंद होताना दुतर्फाच्या चिंचा-लिंब गेले, बांध कोरताना बाभळी-बोरी गेल्या. गेलेलं परत आणायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. त्याबद्दल आज फार करता येण्यासारखं नाही.

करता येण्यासारखं आहे ते उरलेल्या ठिपक्यांबद्दल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की गावोगाव पाला गोळा करून पेटवायची पद्धत पडली आहे. नवरंग यायच्या दोन-अडीच महिने आधी त्याचं ताट जळून जातं. पाल्याबरोबर त्यातले किडे जातात, अंडी जातात, वरच्या थरातली ओल जाते. खोडांना चटका बसतो तो वेगळाच. उसाच्या पाचटाचंही तेच. पाचट न जाळता सरीत कुजवा, हे कृषी खातं किती वर्षांपासून सांगतं आहे. ते जमिनीच्या सेंद्रिय कर्बासाठी आणि पाणी टिकण्यासाठी सांगितलं जातं, पाखरांसाठी नाही. पण गांडूळ दोघांच्याही उपयोगाचं आहे. मजूर मिळत नाहीत, खोडवा लवकर उघडा करायचा असतो, काडी ओढली की तासात काम होतं, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. उसाच्या फडात नाही जमलं तरी ओढ्याकाठचा, विहिरीवरचा, बांधावरच्या चिंचेखालचा पाला पेटवल्याने कुणाचंच काम हलकं होत नाही. तिथे काडी लागते ती निव्वळ सवयीने. शाळेच्या आवारातही पाला जाळण्याऐवजी कोपऱ्यात झाडाखाली ढीग करून ठेवला तर दोन पावसांत खत होतं आणि तोपर्यंत पाखरांची पंगत बसते. हे काम सुट्टी लागण्याआधी सांगून ठेवावं लागतं. नाही तर शाळा उघडायच्या तयारीत पहिली काडी पाल्यालाच लागते.

अंगणात सापडला तर

दमलेला नवरंग माणसाला बघूनही उडत नाही, म्हणून लोकांना तो आजारी किंवा माणसाळलेला वाटतो. आधी हाताळण्याची घाई करू नये. झुडपाखाली, सावलीत बसलेला असेल आणि मांजर-कुत्रं जवळ नसेल तर त्याला तिथेच सोडावं. दिवसभर विसावा घेऊन रात्री तो आपोआप निघून जातो.

उघड्यावर पडला असेल किंवा भिंतीला धडकून गुंगला असेल तर चपलेचा, साड्यांचा कसलाही पुठ्ठ्याचा खोका घ्यावा. हवेसाठी भोकं पाडून तळाला सुती फडकं टाकावं आणि पाखरू अलगद आत ठेवून झाकण लावावं. अंधार आणि शांतता हेच औषध. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पाखरू मरतं. दूध, भाकरी, तांदूळ यातलं काहीही देऊ नये. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून फोटो काढू नयेत, पोरांना तर आवरावंच लागतं. दिवे लागायच्या सुमारास खोका जवळच्या झाडीत, उजेडापासून लांब नेऊन उघडावा. धड असेल तर तो निघून जातो.

पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा संध्याकाळीही उभा राहत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा. पिंजऱ्यात घालून घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जिवंत किड्यांवर जगणारं आणि रात्री शेकडो मैल उडायची ओढ असलेलं हे पाखरू पिंजऱ्यात तग धरत नाही.

जगाचा हिशोब केला तर नवरंग धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत नाही. त्याचा मुलूख मोठा आहे. पण मुलूख मोठा असणं आणि वाटेवर थांबायला जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागात तो कधी, कुठे उतरतो याच्या नोंदी जमल्या पाहिजेत. कुणाला दिसला तर लांबून एक फोटो, तारीख आणि गावाचं नाव ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतं. त्यासाठी पैसे पडत नाहीत. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या पोरांना हे काम सहज जमण्यासारखं आहे. घरट्याचा फोटो मात्र काढायला जाऊ नये आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून त्याला बाहेर बोलावू नये. विणीच्या दिवसांत त्याने तो बिचकतो.

जूनची संधी हुकली तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी असते. सोयाबीनची रास चालू असते, रब्बीची तयारी सुरू झालेली असते, तेव्हा नवरंग यंदाची पिलं घेऊन दक्षिणेकडे परत निघालेले असतात. परतताना ते विणीच्या दिवसांइतके बोलके नसतात, त्यामुळे कान लावून फारसा उपयोग नाही. ओढ्याच्या काठाला किंवा जुन्या विहिरीवरच्या झाडीत सकाळी थोडा वेळ न हलता बसावं. पाला खसखसला आणि तिथे साळुंकी नाही, रानभाईही नाही असं दिसलं, तर आखूड शेपूट शोधावी.